दारूगोळ्याची टंचाई आणि खरेदी : इतिहासातील काही धडे

आपल्या इतिहासातील लढाया आपण मोठ्या अभिमानाने वाचतो. घोडदौडी, गनिमी कावे, गडांवरील चढाया यांची वर्णने आबालवृद्धांस मुखोद्गत असतात. परंतु त्या लढायांस लागणारी दारू कोठून आली, शिसे कोणी विकले, त्याचा पैसा कोणी व कसा भरला, आणि विकणाऱ्याने ऐनवेळी हात आखडता घेतला तेव्हा काय झाले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. वास्तविक पाहता रणांगणावरील पुष्कळशा गोष्टींचा निकाल आधी कोठीत आणि हिशेबाच्या वहीत लागलेला असतो. आपली ज्ञाती लेखणी आणि तागडी या दोहोंशीही परिचित आहे. म्हणून या वर्षीच्या अंकात हा काहीसा रुक्ष, परंतु महत्त्वाचा विषय वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मालाची ओळख करून घेऊ. जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू तीन जिनसांची होत असे : शोरा, गंधक आणि कोळसा. शंभर भाग दारूत सुमारे पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक, असे साधारण प्रमाण होते. यांपैकी कोळसा कोठेही पाडता येतो. शोरा हिंदुस्थानात विपुल. विशेषतः बिहारात नोनिया समाजाचे लोक खारवलेली माती खरवडून, ती पाण्यात विरघळवून, ते पाणी आटवून शोरा काढीत, आणि तो जहाजे भरभरून युरोपात जात असे. गंधक मात्र आपल्याकडे थोडे. ते बहुतांशी समुद्रमार्गे येई. गोळीसाठी लागणाऱ्या शिशाचीही दख्खनेत तीच गत होती. म्हणजे तीन-चतुर्थांश दारू आपल्या मातीत होती, आणि तरीही उरलेल्या जिनसांसाठी बंदरावरच्या परक्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. ज्याच्या हाती गलबत त्याच्या हाती गंधक व शिसे, ही त्या काळची वस्तुस्थिती ध्यानात ठेवली म्हणजे पुढील कथा समजण्यास सोपी जाते.

शिवछत्रपतींस या वस्तुस्थितीचा पहिला कडू अनुभव इ. स. १६६० मध्ये आला. सिद्दी जौहराने पन्हाळगडास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफ व गोळे घेऊन वेढ्यात दाखल झाला, आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा करविला. व्यापारी म्हणून आलेल्या मनुष्याने एका पक्षास दारूगोळा पुरविला, एवढेच नव्हे तर तो स्वतः डागलाही! महाराजांनी हे विसरण्याचे कारण नव्हते. पुढील वर्षी, म्हणजे १६६१ मध्ये, त्यांनी राजापूर घेतले, इंग्रजांची वखार लुटली आणि तेथील इंग्रजांस कैदेत टाकले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. मौज अशी की, कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा त्या वरिष्ठांनीही पन्हाळ्यावरील गोळाफेकीचा दोष त्यांच्याच पदरी घातला.

यानंतरची महाराजांची वागणूक आम्हांस फार उद्बोधक वाटते. ज्याने अपराध केला त्याच्याशी त्यांनी कायमचा अबोला धरला नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीवर चालून जावयाचे, तर मोठ्या तोफा व गोळे हवेत. आणि ते टोपीकरांपाशीच होते. म्हणून राजापूरच्या नुकसानभरपाईची बोलणी वर्षानुवर्षे चालू ठेवून त्यांनी त्यासोबत तोफांचीही मागणी चालू ठेवली. मुंबईकर इंग्रज भरपाईची इच्छा धरीत, पण तोफा द्यावयाची वेळ आली की मोगलांचा रोष होईल म्हणून टाळाटाळ करीत. महाराज इंग्रजांवरच विसंबून राहिले नाहीत. इ. स. १६७३ मध्ये त्यांनी सुरतेच्या फ्रेंच वखारवाल्यांकडून ८० तोफा आणि आपल्या सर्व तोड्याच्या बंदुकांस पुरेल इतके शिसे विकत घेतल्याचे ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नोंदविले आहे. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या प्रसंगी हेन्री ऑक्झिंडन रायगडी आला, तेव्हा राजापूरच्या भरपाईदाखल १०,००० होनांची रक्कम ठरून तह झाला. एक विकणारा अडून बसला तर दुसरा पाहावा, परंतु पहिल्याचे दारही बंद करू नये, असे हे धोरण होते. टंचाईच्या बाजारात शहाणा गिऱ्हाईक असाच वागतो.

खरेदीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खरेदी केलेल्या मालाची निगा. आपल्याकडील कोकणपट्टीत चार महिने हवा सर्द असते. दारू ओलावली की ती मातीच्याच मोलाची. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या व इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रा’त या बाबतीत मोठे बारकाईचे विवेचन आहे. दारूखाना वस्तीच्या घरांपासून वेगळा असावा, तळाशी गच्च करून वर माच घालावा, माल सर्द होऊ देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढून उन्हात द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. ज्या राज्यास दारू सहज मिळत असती, त्याच्या अमात्याने गडावरील मडक्यांचा इतका विचार केला नसता. हे नियम म्हणजे टंचाईने शिकविलेले शहाणपण होय.

टंचाई केवळ आपल्याच वाट्यास आली असे मात्र नाही. चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला तेव्हा तीच आपत्ती पोर्तुगिजांवर ओढवली. त्यांनी मुंबईकर इंग्रजांपाशी मदतीची याचना केली. इंग्रजांस पोर्तुगीज नको होते आणि मराठेही नको होते. त्यांनी हिशेबी मनाने १५,००० रुपयांचे कर्ज दिले आणि तारण म्हणून देवळांतील चांदीची उपकरणे व काही पितळी तोफा घेतल्या. शत्रू दाराशी असता ज्यास तोफ गहाण ठेवण्याची पाळी येते, त्याचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको. मे १७३९ मध्ये वसई पडली. आपल्या बाजूने या विजयाचे वर्णन करताना मराठी सुरुंगांच्या पराक्रमाबरोबर शत्रूच्या रित्या कोठीचाही उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

आता आपण जरा दूरच्या, पण आपल्याशी विलक्षण रीतीने जोडलेल्या एका उदाहरणाकडे वळू. इ. स. १७७५ मध्ये अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या. जॉर्ज वॉशिंग्टन याने जुलैत सेनापतिपद स्वीकारले, तेव्हा आपल्यापाशी ३०० हून अधिक पिंपे दारू आहे असा त्याचा समज होता. ऑगस्टच्या आरंभी प्रत्यक्ष मोजदाद झाली आणि केवळ ३६ पिंपे हाती असल्याचे आढळले. दर शिपायाच्या वाट्यास जेमतेम नऊ बार! त्याच्या एका सरदाराने लिहून ठेवले आहे की, हे ऐकून सेनापती अर्धा तास एक शब्दही बोलला नाही. समोर बोस्टन शहरात इंग्रजांची फौज होती. तिला याचा सुगावा लागता तर सर्व खेळ तेथेच आटोपला असता. वॉशिंग्टनने ती गोष्ट गुप्त राखली आणि दारूसाठी चहूकडे माणसे धाडली. त्याच महिन्यात बर्म्युडा बेटावरील सरकारी दारूखान्यातून रात्रीच्या वेळी १०० पिंपे पळविण्यात आली. सेंट यूस्टेशियस नावाच्या डचांच्या चिमुकल्या बेटावरून चोरटा व्यापार सुरू झाला. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांनी वापरलेल्या दारूपैकी नऊ-दशांशाहून अधिक दारू, अथवा ती करण्याचा शोरा, परदेशांतून आलेला होता.

या पुरवठ्यात फ्रान्सचा वाटा सर्वांत मोठा. इंग्लंडशी उघड युद्ध नको, पण इंग्लंडचे नुकसान तर व्हावे, अशी फ्रेंच दरबाराची इच्छा होती. म्हणून ब्यूमार्शे या नाटककाराच्या हातून १७७६ मध्ये एक नावापुरती व्यापारी पेढी काढण्यात आली. फ्रान्स व स्पेन यांनी तीत प्रत्येकी दहा लाख लिव्र घातले. १७७७ च्या वसंतात या पेढीची जहाजे तोफा, बंदुका व दारू घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्यास लागली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सॅराटोगा येथे एक संपूर्ण इंग्रज फौज शरण आली. मालाच्या मोबदल्यात तंबाखू पाठवावयाची होती. ती पुरेशी गेली नाही. माल विकत दिला की भेट दिला, हा वाद काढून अमेरिकन काँग्रेस वर्षानुवर्षे पैसे देण्याचे टाळीत राहिली. ब्यूमार्शे १७९९ मध्ये मरण पावला. त्याच्या वारसांशी तडजोड झाली ती १८३५ साली! अडचणीच्या वेळी दिलेल्या उधारीची स्मृती अडचण सरल्यावर किती लवकर पुसट होते, हे आपल्यातील व्यापारी बंधूंस वेगळे सांगावयास नको.

नेमक्या याच दोन वर्षांत पुण्यास काय चालले होते? ज्या १७७५ सालात वॉशिंग्टन दारूची पिंपे मोजीत होता, त्याच साली मार्च महिन्यात रघुनाथरावांनी सुरत येथे इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौजेच्या मदतीसाठी दरमहा दीड लाख रुपये, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर, आणि त्याखेरीज साष्टी व वसई! चिमाजी आप्पांनी जी वसई रक्त सांडून मिळविली, ती छत्तीस वर्षांनी दुसऱ्याची फौज आणि तोफा भाड्याने घेण्यासाठी लिहून देण्यात आली. खरेदी म्हणून पाहिले तरी हिच्याइतका महाग सौदा आपल्या इतिहासात विरळा.

आणि ज्या १७७७ सालात फ्रेंच दारू अमेरिकेत उतरली, त्याच साली फ्रान्सचा सेंट ल्युबिन नावाचा गृहस्थ चौलास उतरून पुण्यास आला. नाना फडणविसांनी त्याचा मोठा सत्कार केला. त्याने अडीच हजार युरोपीय सैनिक, दारूगोळा आणि दहा हजार मराठी शिपायांस कवायत शिकविण्याचे आश्वासन दिले. बदल्यात त्यास चौलचे बंदर हवे होते. मुंबई व कलकत्ता येथील इंग्रजांची यामुळे झोप उडाली. परंतु सेंट ल्युबिनपाशी आश्वासनांखेरीज विशेष काही नव्हते. पुढील वर्षी तो आला तसा गेला. ना सैनिक आले, ना दारू आली. शत्रू एक, पुरवठा करणारे राष्ट्र एक, वर्षही एक. पण अमेरिकेस माल मिळाला आणि पुण्यास शब्द मिळाले.

असे का व्हावे? आम्हांस यात दोन कारणे दिसतात. एक तर समुद्र. फ्रान्सहून अमेरिकेस जहाज जाण्यास जितका काळ लागे, त्याच्या कितीतरी पट काळ चौलास येण्यास लागे, आणि वाटेवर इंग्रजांचे आरमार होते. दुसरे कारण असे की, अमेरिकनांचे वकील पॅरिसमध्ये बसून सौदा करीत होते; आपण मात्र विकणारा दाराशी येण्याची वाट पाहत होतो. तथापि नानांस दोष देण्याचे कारण नाही. मिळालेल्या शब्दांचाही त्यांनी उपयोग केला. फ्रेंचांच्या नावाने इंग्रजांस धाकात ठेवले. आणि प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा मराठ्यांनी आपल्या बळावरच जानेवारी १७७९ मध्ये वडगावी इंग्रजांस तह करावयास लाविले. माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून दिल्या व सामान जाळून टाकले. ज्या तोफा पुण्यास विकत मिळत नव्हत्या, त्या तळ्याच्या तळाशी जाऊन पडल्या!

परंतु हा आनंद फार काळ टिकणारा नव्हता. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी एक कलम मोठ्या धूर्तपणे घालून घेतले. पोर्तुगिजांखेरीज इतर युरोपीय राष्ट्रांस पेशव्यांनी आपल्या मुलखात नव्या वखारी घालू देऊ नयेत, असा त्याचा मथितार्थ. वरकरणी हे व्यापाराचे कलम. वस्तुतः ते दारूगोळ्याच्या बाजाराचे कुलूप होते. शिवछत्रपतींच्या वेळी इंग्रज नाही म्हणाले तर फ्रेंचांकडे जाता येत असे. आता बाजारात एकच दुकान उरले, आणि ते प्रतिस्पर्ध्याचे.

हे ओळखून त्यावर उपाय योजणारा पुरुष म्हणजे महादजी शिंदे. विकत मिळत नाही तर घरी करावे, हा सरळ विचार त्यांनी अमलात आणिला. दि बॉयन या सेनानीस १७८४ मध्ये नोकरीस ठेवून त्यांनी कवायती पलटणी उभारल्या, आणि आग्र्यास शस्त्रागार सुरू केले. सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तेथे तोफा ओतीत असे. बंदुकाही तेथेच होत, आणि एका बंदुकीस सुमारे दहा रुपये खर्च येई. या फौजेने १७९० मध्ये पाटण व मेडता येथे मोठे विजय मिळविले. पुढे असई आणि लासवारी येथे १८०३ मध्ये इंग्रजांस ज्या तोफखान्याशी गाठ घालावी लागली, तो याच उद्योगाचे फळ होता. त्या तोफांची धास्ती खुद्द शत्रूच्या सेनापतींनी मान्य केली आहे.

मग पराजय का झाला? येथे आमच्या मते या सर्व इतिहासाचे मर्म आहे. कारखाना आपला होता, माल आपला होता, पैसाही आपला होता. परंतु विद्या परक्यांची होती. कवायत शिकविणारे, पलटणींचे अधिकारी, कारखान्याचे उस्ताद, सारे युरोपीय. १८०३ मध्ये युद्धास तोंड लागताच कंपनीने जाहीरनामा काढून त्यांस आपल्याकडे बोलाविले आणि मुख्य सेनापती पेराँसह अनेकांनी शिंद्यांची चाकरी सोडली. तोफांपाशी गोलंदाज शेवटपर्यंत खिळून राहिले, तेथेच कापले गेले. पण त्यांच्यावर अधिकार चालविणारे अगोदरच निघून गेले होते. ऑक्टोबरात आग्र्याचा किल्ला पडला आणि शस्त्रागारही गेले. महादजींनी दारूगोळ्याची टंचाई दूर केली, परंतु जाणत्या माणसांची टंचाई शिल्लक राहिली, आणि ती अधिक घातक ठरली.

या संदर्भात आणखी एक उदाहरण थोडक्यात देतो. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकेच्या दारूच्या कारखान्यांस लागणारा शोरा हिंदुस्थानातून, परंतु लंडनच्या बाजारातून जात असे. सरकारने लामोट द्यू पाँ या तरुण कारखानदारास गुपचूप लंडनला धाडले आणि त्याने मिळेल तेवढा शोरा खरेदी केला. इतक्यात एका जहाजावरील दोन वकिलांच्या अटकेवरून इंग्लंड व अमेरिका यांच्यात तंटा उद्भवला आणि इंग्लंडने शोऱ्याच्या निर्यातीस बंदी केली. अमेरिकेने ते वकील सोडून दिले, तेव्हाच १८६२ च्या आरंभी शोरा हलला. बिहारमधील नोनियाने मातीतून काढलेला जिन्नस एका महाराष्ट्राच्या मान खाली घालण्यास कारण झाला. पण त्याचे मोल व त्याची सत्ता नोनियाच्या हाती नव्हती, ती लंडनच्या गोदामवाल्याच्या हाती होती. कच्चा माल पिकविणे निराळे आणि त्याचा धनी असणे निराळे.

या गोष्टी जुन्या झाल्या असे म्हणून सोडून देता येत नाहीत. पुण्याजवळच्या ज्या खडकीच्या माळावर १८१७ मध्ये पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली, तेथेच इंग्रज सरकारने १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना काढला. त्या कारखान्यात आपल्या प्रांतातील कित्येक पिढ्यांनी काम केले आणि जी विद्या महादजींच्या आग्र्यास परक्यांच्या हाती होती, ती हळूहळू आपल्या लोकांच्या हाती आली. स्वातंत्र्यानंतर भंडारा, वरणगाव, चंद्रपूर येथेही असे कारखाने झाले. तरीही १९९९ च्या कारगिल युद्धात तोफांच्या गोळ्यांची तातडीची खरेदी परदेशांतून करावी लागली. २०२१ मध्ये सरकारी शस्त्रकारखान्यांची सात कंपन्यांत पुनर्रचना झाली, आणि त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्य ठाणे पुण्यासच ठेवण्यात आले. प्रश्न तोच आहे; केवळ त्याचे रूप पालटले आहे.

या सर्व विवेचनाचे सार आम्ही असे काढतो. टंचाईच्या काळी विकणारा हा मित्र नसतो आणि शत्रूही नसतो. तो विकणारा असतो. त्याच्याशी शिवछत्रपतींप्रमाणे सावधपणे, पण संबंध न तोडता वागावे. घेतलेला माल अमात्यांनी सांगितल्याप्रमाणे जपावा. तोफ गहाण ठेवून वा मुलूख लिहून देऊन खरेदी करू नये. शक्य तितके घरी करावे. आणि घरी करताना विद्याही घरचीच असावी. यांतील शेवटची गोष्ट तरुणांच्या हाती आहे. आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्त्यांतून शिकणाऱ्या मुलामुलींनी रसायन, धातुविद्या आणि यंत्रविद्या या शाखांकडे केवळ नोकरीची वाट म्हणून पाहू नये, एवढीच आमची अपेक्षा.

शेवटी ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल अद्याप बांधलेले आहेत. त्यांत वतनाच्या सनदा असतील म्हणून ते जपले गेले. हिशेबाचे खर्डे मात्र निरुपयोगी समजून वाळवीच्या स्वाधीन केले जातात. अशाच एखाद्या खर्ड्यात कोण्या बंदरावर किती मण शिसे, कोणत्या भावाने, कोणाच्या विद्यमाने घेतले, याची एक ओळ असू शकेल. लढाईच्या बखरी आपल्यापाशी पुष्कळ आहेत. त्या लढाईच्या खरेदीची नोंद फार थोडी. असे कागद कोणापाशी असतील तर ते टाकून न देता जाणत्यांकडून वाचवून घ्यावेत आणि त्यांची नक्कल आपल्या मंडळाच्या दफ्तरी ठेवावी. ज्या पूर्वजांनी तलवार धरली त्यांचे स्मरण आपण करतोच. ज्यांनी तागडी धरून दारू तोलली, त्यांचेही स्मरण त्या निमित्ताने होईल.